स्ट्रोकनंतर आईच्या तळपायाला ब्रश घासायला सांगितलंय, चालण्यात खरंच फरक पडतो का?

कोयनाकाठ:
मंडळी, जरा लांबड लागेल. आईला (वय ६६, शुगर १२ वर्षांपासून) चार महिन्यांपूर्वी झटका आला, डावी बाजू गेली. आता वॉकर धरून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत येते, पायात ताकद बऱ्यापैकी आलीय असं फिजिओ म्हणतात, पण चालताना सारखी खाली बघते आणि नजर उचलली की डावा पाय भलतीकडेच पडतो. परवा तर बेडरूममधून बाहेर आली तेव्हा डावी चप्पल उंबऱ्यातच राहिलेली आणि हिला पत्ताच नाही. मी म्हटलं अगं चप्पल कुठंय, तर म्हणे घातलीय की.

फिजिओंनी सांगितलं तळपायाला ब्रश घासा, काथ्याच्या पायपुसण्यावर उभं करा, त्याने संवेदना जागी होते. काका म्हणतात काशाची वाटी फिरवा. शेजारचे म्हणतात व्हायब्रेशनचं मशीन घ्या, साडेसहा हजाराला आहे. मी रोज संध्याकाळी सिरियल चालू असते तेव्हा १५ मिनिटं ब्रश घासतोय, तीन आठवडे झाले, फरक ढिम्म नाही. कुणाला अनुभव आहे का? की नुसतं मनाचं समाधान?

चहाबाज:
बाबांना आम्ही सहा महिने रोज रात्री तूप लावून काशाची वाटी फिरवली. झोप मस्त लागायची, पाय मऊ झाले, वाटी काळी झाली की आजी म्हणायची बघा उष्णता निघाली (तुपाची आणि धातूची रिअॅक्शन असते ती, पण आजीशी कोण भांडणार). चालणं मात्र वाटीने सुधारलं असं काही मी छातीठोकपणे म्हणणार नाही, बाबा चालायला लागले ते जिन्याचा कठडा धरून रोज दहा-दहा वेळा एकच पायरी चढउतार करून. वाटी फिरवा हवं तर, पण तूप नीट पुसल्याशिवाय फरशीवर उभं करू नका, आमचे एकदा घसरता घसरता वाचलेत.

फिजिओताई:
मी न्यूरो रिहॅबमध्ये काम करते. तुमच्या फिजिओंनी चुकीचं सांगितलेलं नाही, घोळ आहे तो सिरियलमध्ये.

तळपायाची कातडी आपल्याला सतत सांगत असते की वजन टाचेवर आहे, चवड्यावर आहे की बाहेरच्या कडेवर. ही बातमी मेंदूत पोचली नाही की माणूस डोळ्यांनी चालतो, तुमच्या आई तेच करतायत. पण ब्रश घासताना लक्ष टीव्हीत असेल तर मेंदू ती बातमी वाचतच नाही. त्यांना कामाला लावा. डोळे मिटायला सांगा, तळपायाला कधी खरखरीत टॉवेल, कधी स्पंज, कधी काथ्या, कधी साडीचा जरीचा काठ लावा आणि ओळखायला सांगा. चुकलं तर डोळे उघडून बघू द्या, तीच वस्तू उजव्या पायाला लावा, मग परत डाव्याला. अंगठा वर केला की खाली हेही विचारा, फक्त अंगठा दोन्ही बाजूंनी धरा, वरून-खालून धरलात तर दाबावरून ओळखतील आणि तुम्हाला वाटेल सुधारणा झाली.

हात दाबून, सावकाश फिरवा. हलक्या गुदगुल्या झाल्यासारखं घासलं की बोटं आखडतात, पाय वर ओढला जातो, कधी चवड्यावर दाब आला की पाऊल थडथड उडतं. तसं झालं तर थांबा.

आणि हे झाल्यावर पाय लगेच वापरायचा, सोडून द्यायचा नाही. खुर्चीतून उठबस, डाव्या पायावर वजन घेणं, मग चालणं. घासणं ही फोडणी समजा, नुसत्या फोडणीने पोट भरत नाही. हाँगकाँगमध्ये २००७ साली स्ट्रोकच्या ८८ जुन्या पेशंट्सवर एक अभ्यास झाला, त्यात पायाला टेन्सचा (कातडीवर पट्ट्या चिकटवून मशीनने देतात तो) सौम्य करंट आणि त्याला जोडून उभं राहण्या-चालण्याचे व्यायाम, असं चार आठवडे केलेल्यांचा चालण्याचा वेग नुसता करंट घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. बाकी ब्रश, खडबडीत इनसोल वगैरेंवरचे अभ्यास छोटे छोटे आहेत, त्यामुळे साडेसहा हजार तूर्तास खिशात ठेवा.

एक विचारते, जेवताना आई ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच ठेवतात का?

सुईदोरा:
शुगर आहे म्हणून कळकळीने लिहितेय. माझ्या सासूबाईंना पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली होती, त्यांना चटका कळलाच नाही, टाचेला फोड आला आणि जखम भरायला तीन महिने गेले, तेवढे दिवस चालणं बंद, होतं नव्हतं ते सगळं पाण्यात. तेव्हा शेक नाही, बर्फ नाही, तारेची घासणी नाही, अॅक्युप्रेशरचे टोकदार रोलर तर अजिबात नाही. घासून झालं की बोटांच्या बेचक्यांसकट पाय बॅटरी लावून बघायचा. आणि पोटरी अचानक सुजली, गरम लागली तर चोळत बसू नका, थेट डॉक्टर गाठा, रक्ताची गाठ असू शकते.

कोयनाकाठ:
फिजिओताई, तुम्ही आमच्या घरात येऊन गेलात काय? काल चटणी ताटात डावीकडे वाढलेली होती आणि आई मला म्हणाली, आज चटणी नाही केली का रे. मला वाटलं विसरली असेल. याचा पायाशी काय संबंध?

फिजिओताई:
संबंध आहे. मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसला की काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, दिसत असूनही आणि कधी जाणवत असूनही. म्हणजे चप्पल गेलेली कळली नाही ती पाय बधिर म्हणून, की डावी बाजू हिशेबातच नाही म्हणून, हे आधी तपासायला हवं. शुगरमुळे नसा मंदावल्या असतील तर ते तिसरं, पण मग उजव्या पायालाही कमीच जाणवेल. फिजिओंना चटणीचं आणि चपलेचं दोन्ही सांगा, ते व्यायाम त्याप्रमाणे बदलतील. तोवर चपलेऐवजी मागून पट्टा असलेली सँडल घ्या आणि खुर्ची अशी ठेवा की तुम्ही बोलायला बसाल ते त्यांच्या डाव्या हाताला.

चहाबाज:
हे चटणीचं आमच्या बाबांना पण होतं!! अर्धी दाढी करून उठायचे आणि आम्ही हसायचो, आता वाईट वाटतंय.

कोयनाकाठ:
दहा दिवसांनी लिहितोय. फिजिओंनी तपासलं, दोन्ही आहे म्हणाले, थोडं बधिरपण आणि थोडं ते लक्ष न जाणं. टीव्ही बंद करून ओळखायचा खेळ चालू केलाय. टॉवेल आणि काथ्या यात अजून गोंधळ होतो, पण जरीचा काठ पाचात चार वेळा बरोबर सांगते. काल मी मुद्दाम दुसऱ्याच साडीचा काठ लावला तर डोळे मिटूनच म्हणाली, माझी पैठणी पायाला लावलीस ना तर बघ.

सुईदोरा:
😄 लावलीत की काय खरंच?

कोयनाकाठ:
नाही हो, बायकोची होती. ते अजून तिला माहीत नाही.