‘मूळ संख्या’ की ‘अविभाज्य संख्या’?

(सोलापूरच्या चार भागांतील चौघांची चर्चा; नावाऐवजी ज्याचा-त्याचा भाग दिला आहे.)

जुळे सोलापूर : ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना सापडलेल्या मूळ संख्येवर (१ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या संख्येवर) शाळेच्या भित्तिपत्रिकेसाठी टिपण लिहीत आहे. २चा १३,६२,७९,८४१वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या मिळते. ‘ही मूळ संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर सगळे १च येतात,’ या माझ्या वाक्याशेजारी सहकाऱ्यांनी पेन्सिलीने लिहिले, ‘मूळ ही, तर नंतर बदललेली कोणती?’ त्यांनी मूळ प्रत, मूळ रक्कम यांतला ‘मूळ’ वाचला. मग ‘अविभाज्य’ लिहावे का?

अक्कलकोट रोड : अवश्य लिहावे. मी कन्नड माध्यमात शिकलो. तिथे ‘अविभाज्य संख्ये’च म्हणतात. गुरुजी बारा चिंचोके देत, त्यांच्या तीन-तीनच्या चार ओळी होत. तेरावा दिला की कशाही ओळी करा, एक तरी उरायचाच, आणि शेवटी तेरा चिंचोक्यांची एकच लांब ओळ फरशीवर राहायची. तो गुणधर्म या शब्दातच आहे.

दत्त चौक : मग एकच चिंचोका घ्या. त्याचेही भाग पडत नाहीत, तरी १ या गटात बसत नाही, कारण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९ ही फोड एकाच प्रकारे होते आणि १ला आत घेतले तर ती कितीही लांबवता येईल. सगळ्या संख्या ज्यांच्यापासून होतात त्या मूळ, हाच खरा अर्थ आहे. २०४७सुद्धा २च्या अकराव्या घातातून १ वजा करूनच येते. घातांक मूळ असला तरी उत्तर मूळ असतेच असे नाही, हे टिपणात जरूर घ्यावे.

विडी घरकुल : तेलुगूत आम्ही ‘प्रधान संख्य’ म्हणतो. सांख्यदर्शनात मूलप्रकृतीलाच प्रधान म्हणतात, तेव्हा ‘मूळ’ आणि ‘प्रधान’ यांची सोयरीक जुनी असावी, असे मला मनापासून वाटते.

अक्कलकोट रोड : दर्शन सहावीच्या मुलाला कळणार नाही. संख्या तपासायची तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे, या एका वाक्यात दोन ‘मूळ’ दोन अर्थांनी येतात; पुढे समीकरणाचीही मुळे येतात. एका शब्दावर इतका भार का टाकावा?

दत्त चौक : कारण ११ आणि १३ यांना जोडमूळ (दोनच्या फरकाच्या मूळ संख्या), ८ आणि ९ यांना सहमूळ (१खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) म्हणायला मुले शिकलेली आहेत. ‘सहअविभाज्य’ कोणाच्या तोंडी बसेल?

जुळे सोलापूर : टिपण उद्या लावायचे आहे आणि प्रार्थनेनंतर एक मुलगी ते मोठ्याने वाचणार आहे. तिने ‘दोनचा घात’ म्हणावे की ‘दोनाचा’?

विडी घरकुल : ‘दोनाचा’. घर-घराचा, तसे दोन-दोनाचा.

अक्कलकोट रोड : वर्गात मी तीस वर्षे ‘दोनचा’ म्हणत आलो आणि एकाही मुलाला ते अडले नाही.