मदत हवी आहे: बोअरच्या मोटरींसाठी गूगल अ‍ॅड्सचे कीवर्ड कसे निवडायचे?

राम राम मंडळी. लातूरला पाणबुडी मोटरींची विक्री आणि रिवाइंडिंगचं (जळालेली मोटर नव्या तारेनं पुन्हा भरून देण्याचं) दुकान आहे. औसा, निलंगा, रेणापूर एवढ्याच भागात जाहिरात लावली आहे. रोजचं बजेट 300 रुपये.

सुरुवातीला 'मोटर' आणि 'सबमर्सिबल पंप' हे कीवर्ड (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी ते) ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या अर्थाच्या शोधांवरही जाहिरात दिसेल असे ठेवले. सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी नेमकं काय शोधलं त्याची यादी) उघडला तर 'मोटर इन्शुरन्स', 'सौर पंप अर्ज', 'कुसुम योजना यादी' असलं काय काय! सोलर आम्ही विकतच नाही, म्हणून ते सगळे शब्द निगेटिव्हमध्ये (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत) टाकले. नंतर 'बोअरची मोटर जळाली' आणि 'मोटर रिवाइंडिंग लातूर' एक्झॅक्टमध्ये (त्याच अर्थाच्या शोधापुरते) घातले, तर स्टेटस 'लो सर्च व्हॉल्यूम', म्हणजे जाहिरात दिसतच नाही. गिऱ्हाईक मात्र दुकानात येऊन हेच म्हणतं, "मोटर जळाली, आज भरून मिळंल का?" कीवर्ड प्लॅनरमध्ये (कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणारं गूगलचं साधन) तालुक्याचे आकडे इतके तोकडे की त्यावरून काही ठरवता येत नाही.

लोकेशन 'प्रेझेन्स'वरच आहे (त्या भागात असणाऱ्या किंवा नेहमी येणाऱ्यांनाच जाहिरात), त्यामुळे पुण्या-मुंबईच्या क्लिकचा प्रश्न फारसा नाही. वेबसाइट एक पानाची, मराठीत. फॉर्म कोणी भरत नाही, फोनच येतात. एजन्सी परवडणार नाही.

अडलंय ते इथं: बरेच जण मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप करतात आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं. अशी सगळी रूपं वेगवेगळी घालावीत, की 'रिवाइंडिंग'सारखे मोजके शब्द फ्रेज मॅचवर (शोधात त्या शब्दाचा अर्थ आला की जाहिरात) ठेवून निगेटिव्ह यादीच वाढवत न्यावी? आणि योजनांचे शोध टाळायला 'अनुदान' निगेटिव्हमध्ये टाकलं तर खरं गिऱ्हाईकही तुटेल का?