मदत हवी आहे : गुहेतील उंचावरच्या तोंडापर्यंत ड्रोनने दोर पोहोचवण्याबाबत

नमस्कार. आमचा गट सध्या एका चुनखडीच्या गुहेचे सर्वेक्षण करत आहे. शेवटच्या दालनाच्या भिंतीत साधारण २५ मीटर उंचीवर एक काळे तोंड दिसते आणि तिथून खाली उतरणारा गार वारा चेहऱ्याला स्पष्ट जाणवतो. भुयार पुढे जात असावे, असा आमचा कयास आहे. तिथवर जाण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे एकेक बोल्ट ठोकत वर सरकणे. त्यात अनेक तास जातात, खडकाला कायमची भोके पडतात आणि एवढे करून वर नुसता कोनाडा निघाला तर सारे श्रम वाया जातात. म्हणून आधी ड्रोनने पाहून घ्यावे आणि जमल्यास पहिली दोरीही त्यानेच वर न्यावी, असा विचार आहे.

पाहणीची बाजू बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गुहेत जीपीएस मिळत नसल्याने छोटा ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्याला दिसणाऱ्या जमिनीच्या आधारे जागेवर थांबतो. अंधारात किंवा फार उंचीवर तो आधार सुटला, की यंत्र वाऱ्याबरोबर वाहू लागते. लायडारच्या (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या उपकरणाच्या) मदतीने नकाशा करत उडणारी, पिंजऱ्यात बसवलेली यंत्रे हे काम चोख करतात, पण ती आमच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यामुळे पंख्यांना संरक्षक कडी लावलेला साधा ड्रोन हाताने उडवावा लागेल. संपर्क तुटल्यास आपोआप उंची घेऊन परतण्याची सोय आम्ही बंद ठेवणार आहोत, कारण ती चालू राहिली तर यंत्र थेट छतावर आदळू शकते. दालनात वटवाघळे असतील तेव्हा उड्डाण करायचे नाही आणि छताला लोंबणाऱ्या नाजूक पोकळ नळ्यांपासून दूर राहायचे, हे ठरलेलेच आहे.

खरी अडचण दोराची आहे. तोंडाशी माणसाच्या कमरेएवढा जाड एक स्तंभ टॉर्चच्या प्रकाशात दिसतो. १ मिलिमीटर जाडीच्या डायनीमा (हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोरीचे वजन मीटरला एक ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे ती वर नेणे आणि मग तिच्या साहाय्याने चढाईचा जाड दोर ओढून घेणे शक्य वाटते. स्तंभाला वळसा घालताना मात्र घर्षणाने ती अडेल किंवा सैल पडून पंख्यात गुंतेल, अशी भीती वाटते. वळसा घालण्याऐवजी दोरीच्या टोकाला छोटे वजन बांधून ते स्तंभामागून पलीकडे सोडावे आणि ते आपल्या भाराने खाली यावे, असे कोणी केले आहे का? वजन सोडण्याची कळ कोणती भरवशाची ठरते, आणि भार अचानक सुटल्यावर उसळणारा ड्रोन कसा सावरावा?

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, ज्या आधाराला माणसाचा हात लागलेला नाही त्यावर पहिल्या माणसाने चढावे की नाही. खालून भक्कम दिसणारा स्तंभ मातीच्या थरावर उभा असू शकतो. शिवाय दोराचे एक टोक खाली बांधून दुसऱ्यावर माणूस चढला, तर स्तंभावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. म्हणून दोराच्या टोकाशी सरकता फास करून तो खालून ओढत स्तंभावर आवळावा, म्हणजे भार एकेरी राहील, असे आम्हाला वाटते. चढण्यापूर्वी तिघांनी मिळून त्यावर लोंबकळून पाहणे पुरेसे आहे का, की दुसऱ्या स्वतंत्र आधाराशिवाय चढूच नये? काठाच्या धारेवर दोर घासला जाऊ नये, यासाठी खालूनच काही उपाय करता येतो का?

ज्यांनी ड्रोनने वर नेलेल्या दोरावर प्रत्यक्ष चढाई केली आहे किंवा विचारपूर्वक ती टाळली आहे, त्यांनी आपला अनुभव कारणांसह सविस्तर लिहावा, ही विनंती. तिथे कोणताही स्तंभ विश्वासार्ह नाही, असे जाणकारांचे मत पडल्यास आम्ही ड्रोन केवळ पाहणीपुरता वापरू आणि बोल्टच्या मार्गानेच वर जाऊ.