मदत हवी आहे : कार्लेस रिबा यांच्याविषयी वाचनसाहित्य

सप्रेम नमस्कार. कॅटलान (स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील भाषा) कवी आणि ग्रीक भाषेचे अभ्यासक कार्लेस रिबा (1893–1959) यांच्यावर मराठीत सविस्तर लेख लिहिण्याचा माझा मानस आहे. बार्सिलोनात जन्मलेल्या रिबा यांनी होमरच्या ‘ओडिसी’चा कॅटलान अनुवाद दोनदा केला, पहिला 1919 साली आणि दुसरा, संपूर्ण नव्याने, 1948 साली. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीवरूनही त्यांच्या व्यासंगाची कल्पना यावी.

1939 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातील प्रजासत्ताक पक्षाच्या पराभवानंतर पत्नी, कवयित्री क्लेमेंतीना आर्देरीऊ, यांच्यासह ते फ्रान्समध्ये परागंदा झाले आणि तिथेच त्यांच्या ‘बिएरविल’ (फ्रान्समधील एक ठिकाण) विलापिका आकाराला आल्या. त्यांतील दुसऱ्या कवितेत ग्रीसमधील सुनिओन भूशिरावरचे भग्न मंदिर येते : काही खांब लाटांखाली निजलेले, उरलेले उंचावर शुभ्र उभे राहून खलाशाला दिशा दाखवणारे. देश गमावलेल्या माणसाने हे लिहावे, याने मी फार हेलावलो. 1943 मध्ये ते हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतील बार्सिलोनात परतले.

या विलापिकांचा विश्वासार्ह इंग्रजी अनुवाद आणि रिबांचे चरित्र पुण्या-मुंबईतील कोणत्या ग्रंथालयात मिळू शकेल? तसेच कॅटलान जाणणारे कोणी सदस्य काही ओळींचा अर्थ माझ्यासोबत तपासून पाहतील का?