छर्ऱ्याच्या बंदुकीनं वावर राखलं जात नाही, यात कास्तकाराचा काय दोष?

तूरवाला, दारव्हा:
काल इथं एकानं लिहिलं, "एअर रायफल कधीच खराब नसते, घेणारा कास्तकार अडाणी असतो." वाचल्यापासून डोकं तापलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या दसऱ्याआधी 7,500 रुपये मोजून ही छर्ऱ्याची बंदूक घेतली. कापूस घरात यायचा होता, बायकोनं भिशीचे पैसे काढून दिले. दुकानदाराला स्पष्ट सांगितलं, चार एकर तूर आहे, सकाळी वानरं, रात्री डुकरं. तो म्हणाला, बिनधास्त न्या, खोक्यावर वाचा, सेकंदाला 1,000 फूट वेग. पहिल्याच दिवशी नळीतून धूर अन् जळक्या तेलाचा वास. महिनाभरात नळी सांध्यात डुगडुगायला लागली. धुऱ्यावरच्या बाभळीला जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची ताटली टांगली, वीस पावलांवरून दहा छर्रे मारले. चार लागले, तेही काठाला. एका रात्री डुकरांचा कळप तुरीत शिरला. माळ्यावरून, म्हणजे मचाणावरून, उडवली, फट्ट आवाज झाला. एकाही डुकरानं मान वर केली नाही, चरणं सुरूच. माझा अडाणीपणा यात कुठं आहे ते दाखवा.

फिटरकाका, वर्धा:
ते मीच लिहिलं होतं. अडाणी हा शब्द मागे घेतो, बाकीचं घेत नाही. नव्या बंदुकीच्या सिलिंडरमध्ये जादा तेल असलं की दाबलेल्या गरम हवेनं ते पेटतं, तोच धूर. शंभरेक छर्रे मारले की थांबतो. लोक उलट वरून आणखी तेल सोडतात अन् दट्ट्यावरचा हवा धरणारा वायसर जाळून टाकतात.

वेगाचं म्हणाल तर 1,000 फूट म्हणजे 305 मीटर. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा खरंच तेवढ्या वेगानं सुटला तर 23 ज्यूल ऊर्जा होते, आणि 4.5 मिलिमीटरच्या बंदुकीला बिनलायसन परवानगी 20 ज्यूलपर्यंतच आहे. म्हणजे तो आकडा हलक्या धातूच्या छर्ऱ्याचा, नाहीतर खोटा. सेकंदाला 200 मीटर धरले तर हाती 10 ज्यूल येतात. त्यानं डबा फुटतो, डुकराची कातडी नाही. एक सांगा भाऊ, रात्री माळ्यावर बंदूक भरून ठेवत होता का?

तूरवाला, दारव्हा:
ठेवत होतो. संध्याकाळी नळी सांध्यात वाकवून भरायची, सकाळी उतरताना रिकामी करायची. डुक्कर काय मी भरेस्तोवर थांबणार आहे?

फिटरकाका, वर्धा:
मग स्प्रिंग बसली. बंदूक भरली की आतली स्प्रिंग दाबूनच राहते. रोज आठ-दहा तास दाबून ठेवलेली स्प्रिंग आखडते, अन् जोर गेला की छर्रा खाली पडतो. हे दुकानदारानं सांगायला पाहिजे होतं हे मान्य. पण सांध्याचा बोल्ट आवळणं तर तुमच्याच हातात होतं.

संत्राबाग, वरुड:
माझ्याकडे सहा वर्षांपासून आहे, एकदा वायसर बदलला, बाकी तक्रार नाही. संत्र्याच्या आंबिया बहारात पोपटांचे थवे येतात, दोन पाडले की बाकीचे आठ दिवस फिरकत नाहीत. बंदूक चांगली असते, सांभाळणारा पाहिजे.

गुरुजी, राळेगाव:
पोपट पाडले हे इथं उघड लिहिता? 1972 च्या वन्यजीव कायद्यात पोपट आहे, वानर आहे, रोही म्हणजे नीलगाय आहे, डुक्करही आहे. लायसन लागत नाही म्हणजे मारायची मुभा मिळत नाही.

संत्राबाग, वरुड:
गुरुजी, तुमची पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. माझ्या झाडाखाली सकाळी टोचलेल्या संत्र्यांचा सडा असतो. कायदा पोपटाला आहे, मला कोणता आहे?

ताई, आर्वी:
दादा, राग समजतो. तरी माझं ऐका. आमच्या गल्लीतल्या पोरानं घरच्या बंदुकीनं वानराच्या मादीला छर्रा मारला. मेली नाही. तीन दिवस आमच्या कवेलूवर बसून होती, पिलू पोटाशी, कंबरेच्या जखमेत माशा. आम्ही पाणी ठेवलं, खाली उतरली नाही. चौथ्या दिवशी पिलू एकटंच होतं. मारत नाही अन् सोडतही नाही, अशी ही वस्तू आहे. त्यापेक्षा पाइपात कार्बाइड टाकून वाजवलेलं बरं, असं आमचे हे म्हणतात.

फिटरकाका, वर्धा:
ताई, ते तर बिलकूल नको. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन होतो, तोच वेल्डिंगचा गॅस. पेटला नाही म्हणून पोरं पाइपात डोकावतात. 2025 च्या दिवाळीत भोपाळकडं कितीतरी लेकरांचे डोळे त्यानंच गेले.

वाशीमकर:
बंदूक राहू द्या, पंचनाम्याचं बोला. सोयाबीन रोह्यांनी लोळवलं, अर्ज केला, माणूस आला तेव्हा मी रान साफ करून हरभरा पेरला होता. म्हणे नुकसान दिसत नाही. पंधरा दिवस तुडवलेलं सोयाबीन तसंच ठेवू काय? भरपाई वेळेवर मिळाली तर कोण जागलीला जाईल अन् कोण 7,500 ची बंदूक घेईल?

तूरवाला, दारव्हा:
वाशीमकर बरोबर बोलले. माझे दोन अर्ज पडून आहेत.

गुरुजी, राळेगाव:
झटका मशीन लावा, कुंपणाच्या तारेत क्षणभराचा झटका सोडणारं. सरळ उपाय आहे.

वाशीमकर:
सरळ? तारा, खांब, बॅटरी, सोलर, सगळं धरून हिशोब करा एकदा. अन् पावसात गवत वाढून तारेला लागलं की झटका जमिनीत जातो. रोज तण कोण काढणार, तुम्ही येता?

गुरुजी, राळेगाव:
परवडत नाही म्हणून आमच्या शेजारच्या गावात एकानं सरळ लाइनवरून तार सोडली. पहाटे निंदायला निघालेली बाई चिकटली. मशीनचा झटका क्षणभराचा असतो, अंग मागे फेकलं जातं. लाइनचा करंट हात सोडत नाही. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता, सातवीत. म्हणून सांगतो, पैसा पाहू नका.

वाशीमकर:
ऐकून वाईट वाटलं गुरुजी. लाइनची तार मीही कधी सोडणार नाही. पण मशीनला पैसा लागतोच, तो पाहावाच लागतो.

संत्राबाग, वरुड:
मी पोपटांवर चालवणं बंद करतो. जाळी लावायची तर अनुदानाचं कोणाला माहीत असेल तर सांगा. बंदूक मात्र चांगलीच आहे, हे मी सोडणार नाही.

फिटरकाका, वर्धा:
ताटलीवर मारायला चांगली. ऑलिंपिकमध्येही एअर रायफल 10 मीटरवरूनच चालवतात, बिंद्राचं 2008 चं सुवर्ण त्यातलंच. वावर राखायची म्हणून ती विकली हीच फसवणूक, एवढं दारव्हेकर भाऊंचं मी मान्य करतो. इच्छा नव्हती, पण करतो.

तूरवाला, दारव्हा:
काका, मान्य केलं तेवढं पुरे. स्प्रिंग बदलून देता का? विकायची म्हटलं तर आता कोणी हजारही देत नाही.

फिटरकाका, वर्धा:
आणा. नळी न भरता आणा. चामड्याचा वायसर असेल तर तोही नवा कापून घालू, मोची ओळखीचा आहे.