आज्ज्याच्या नांगराच्या रुमण्यातून पेन होईल का?

करवीरकर
मंडळी, आण्णा येत्या मेमध्ये शाळेतून रिटायर होतायत. शाल-श्रीफळ शाळा देईलच, मला हातानं केलेलं काहीतरी द्यायचं आहे. गावाकडं माळ्यावर आज्ज्याच्या नांगराचं रुमणं पडून आहे, बाभळीचं. मुठीची बाजू हात लागून लागून काळीभोर झालीय, खालचं टोक वाळवीनं खाल्लंय. मधला वीतभर तुकडा चांगला आहे. आण्णा रोज टाचणवही लिहिणारे, तेव्हा शोकेसमधलं नको, लिहायचं पेन पाहिजे. लाकूड कातायचा लेथ माझ्याकडं नाही. उद्यमनगरात ओळखीच्यांचा लोखंड कातायचा आहे. ते म्हणतात, "रविवारी ये, पण भुसा तुझा तू झाडायचास." पेनाचं किट (आतली पितळी नळी, टोक, क्लिप असे तयार भाग) कुठलं घेऊ? आणि बाभूळ चिरेल का?

शॉपवाला_कोल्हापूर
होतंय की! आधी लोहचुंबक फिरवून बघा, जुन्या औताच्या लाकडात खिळा निघतोच. लेथच्या चकला (तुकडा पकडतो त्या भागाला) ऑइल असतंय, जबडे पुसून घ्या, नाहीतर काळे डाग लाकडात मुरतील. बेडवर रद्दी पेपर अंथरा.

चिरण्याचं म्हणाल तर ओली बाभूळ चिरते, तुमची कधीच वाळलीय. धोका ड्रिलिंगला आहे. तुकडा मापापेक्षा थोडा लांब ठेवा, कारण ड्रिल पलीकडं निघताना तोंड फुटतं. तेवढं नंतर कापून टाकायचं. ड्रिल सारखं बाहेर काढून भुसा झाडा. घाई केली की भोक तापतंय आणि लाकूड आतनं तडकतंय. कातायचं टूल एचएसएसचं (हाय-स्पीड स्टीलचं), वस्तऱ्यासारखं धारदार. आणि मास्क लावा भावा, बारीक भुसा छातीत जातोय.

शाईचा_डाग
किटबद्दल मी सांगते. सगळे स्लिमलाइन नावाचं किट सुचवतील, कारण ते स्वस्त आणि ७ मिमीच्या ड्रिलचं. पण त्याला क्रॉस कंपनीच्या पद्धतीची रिफिल लागते, ती गल्लीतल्या दुकानात सहज मिळत नाही. पेन कितीही देखणं असो, रिफिल संपली की ड्रॉवरमध्ये जातं. त्यापेक्षा सिएरा किट घ्या. त्यात पार्करसारखी रिफिल बसते. नळीही एकच, म्हणजे दोन तुकड्यांच्या रेषा जुळवत बसायला नको. मात्र भोक मोठं, २७/६४ इंच, म्हणजे १०.७ मिमी, ड्रिल आधी शोधून ठेवा. पितळी नळी पॉलिश पेपरनं खरखरीत करून मगच चिकटवा. आणि बुशिंग (कातताना तुकड्याच्या दोन्ही टोकांना लावायच्या धातूच्या कड्या) किटच्याच मापाचे मागवा, त्यावरून लाकूड कुठं थांबवायचं ते कळतं.

करवीरकर
रिफिलचं डोक्यातच नव्हतं, आभार ताई. फिनिशला काय? एकानं सुपरग्लूचे थर सांगितलेत, काचेसारखं चमकतं म्हणे.

शॉपवाला_कोल्हापूर
टिकतंय तेच. चपडा पॉलिश लवकर होतंय, पण हाताच्या घामानं मंद पडतंय.

शाईचा_डाग
टिकाऊपणाला हरकत नाही, पण नांगराचं लाकूड प्लास्टिकसारखं दिसावं का? मी असते तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून, शेवटचा हात लेथ बंद करून रेषेच्या दिशेनं फिरवून, अळशीचं तेल लावलं असतं. डाग पडला तर पुन्हा लावता येतं. फक्त तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेते. उघडी पसरून वाळवा.

करवीरकर
मग तेलच. आण्णांच्या हातात चकचकीत काही टिकत नाही, घड्याळाची काचसुद्धा त्यांनी घासून आंधळी केलीय. काळी मूठ मात्र कापणार नाही, ती आत्यानं आधीच मागून ठेवलीय. पेनाचं कळलं तर तीही एक मागेल, म्हणून किटं दोन मागवतोय. १०.७ चं ड्रिल लक्ष्मीपुरीत कुणाकडं मिळेल का, की ऑनलाइनच बघू?

शॉपवाला_कोल्हापूर
माझ्याकडं आहे, रविवारी घेऊन येतो. भुसा पण बघायचाय कसा झाडताय ते.