‘एंटायटलमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

वाळपईची:
रेशनव्यवस्थेत काय सुधारायला हवं, यावरच्या एका इंग्रजी टिपणाचं मराठी करते आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बचतगटांत ते वाचून दाखवायचं आहे. ‘एंटायटलमेंट’ शब्दापाशी अडले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिलंय. त्याला मी ‘हक्काचं धान्य’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘अनुज्ञेय लाभ’ केलं. जे दिलं नाही तर सरकारला भत्ता भरून द्यावा लागतो, त्याला लाभ कसं म्हणायचं? मग ‘शिधा’ लिहून पाहिलं, तर गटातली एक आजी लगेच म्हणाली, “शिधा भटाक दितात. आमी भट न्हय.” त्यावर मला काहीच बोलता आलं नाही. काय लिहू?

शब्दसांभाळ:
‘शिधा’च लिहा. ‘शिधापत्रिका’ हा सरकारी मराठीत रुळलेला, चांगला घडवलेला शब्द आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, तेल दिलं, त्याचं नावही ‘आनंदाचा शिधा’ होतं. आपले शब्द आपणच टाकले तर ते टिकणार कसे?

फोंडेकर:
पण आजीचं बरोबर आहे. आमच्याकडे श्राद्धाला सुपात तांदूळ, डाळ, नारळ, केळी काढून ठेवायचे, “भटजींचा शिधा काढलास का गो?” असं आई विचारायची. मला नेहमी वाटतं ते हे, की शब्द ‘सिद्ध’वरून आला म्हणतात, आणि सिद्ध म्हणजे शिजलेलं, तयार. शिधा मात्र कोरडाच! हे उलटं कसं झालं?

शब्दसांभाळ:
उलटं कुठे? सिद्ध म्हणजे सज्ज. स्वयंपाकाची सगळी सिद्धता एका सुपात आली, तो शिधा. आणि लष्करातल्या शिपायालाही शिधा मिळायचा, तो काही दान म्हणून नव्हे. अर्थ एवढा आखडू नका.

डिचोली_बाजार:
मी काही वर्षं रेशन दुकानात हिशेब लिहिला आहे. तिथे ‘शिधा’ म्हणणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही. “सोसायटीत तांदूळ आले काय?” आणि “आमचा कोटा किती?” एवढंच. माझ्या मते कोटा हाच तुमचा शब्द. तो आकड्यात मोजता येतो आणि कमी दिला तर भांडता येतं. ‘रेशन’ही सोडू नका. तो मुळात लॅटिनमधला हिशेब, प्रमाण या अर्थाचा शब्द. पोर्तुगीजांकडेही त्याचंच भावंड आहे, ‘रासांव’. मोजून ठरलेला वाटा, हे त्याच्या पोटातच आहे.

शब्दसांभाळ:
म्हणजे लॅटिन चालेल, संस्कृत नको?

डिचोली_बाजार:
रांगेतल्या बाईला कळतं ते चालेल. ‘अनुज्ञेय’ तिला वाचून दाखवून बघा.

तिसवाडीचा:
गोव्यात याला जवळचा शब्द आहे, जोण. कोमुनिदादच्या, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, उत्पन्नातून गावकाराला, म्हणजे गावच्या मूळ कुळातल्या माणसाला, मिळणारा वाटा. कोणी उपकार म्हणून देत नाही, गावकाराच्या कुळात जन्मला म्हणून मिळतो. मला तर तो ‘जण’चाच वाटतो, जणाला एक वाटा. माणशी ५ किलो हे तेच झालं ना?

फोंडेकर:
सुंदर शब्द! पण बचतगटात नको. जोण पुरुष गावकारांचा, तोही ठरावीक कुळांचा. इथे कायदा नेमका उलट आहे, घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख. जिथे बाईचं नाव वर आलं तिथे जोण कसा शोभेल?

वाळपईची:
हे मनाला लागलं. जोण नको. पण टिपणातला दुसरा पेच सांगते. कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो होते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले, आणि तेव्हापासून “फुकटचं खातात” हे मी माझ्याच नातेवाइकांच्या तोंडून ऐकते. ३ रुपये देणारी बाई गिऱ्हाईक होती. ते गेल्यावर शब्दानेच तिची बाजू राखायला हवी, म्हणून मी एवढी अडून बसले आहे.

तिसवाडीचा:
पुदुच्चेरी आणि चंदीगडात २०१५ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे देऊन पाहिले. उद्या इथे तसं आलं तर? पैशाला ना शिधा म्हणता येईल ना कोटा. ‘हक्क’ मात्र दोन्हीकडे चालेल.

डिचोली_बाजार:
पैसे नकोत. बाजारात उकड्या तांदळाचा भाव बघितलात? मुळात रेशनवर उकडे द्या, ही खरी सुधारणा. पेज कशाची करायची?

शब्दसांभाळ:
‘उकडे तांदूळ’ बरोबर की ‘उकडा तांदूळ’? आमच्या पेडण्यात अनेकवचनच ऐकलं आहे.

फोंडेकर:
आमच्याकडेही अनेकवचन. कोंकणीत मात्र ‘उकडो’, एकटा. आणि न उकडलेले ते सुरय. आई म्हणायची, पेजेला उकडे, भाकरीला सुरय. या ‘सुरय’चं मूळ कोणी सांगेल का? बरीच वर्षं शोधतोय.